दिव्यांग स्कॉलरशिप भरायचीय? आधी सिव्हिल गाठा

माझ्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि तो बारावी होईपर्यंत आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं की हेही दिव्यांगात धरतात. काठी नाहीतर व्हीलचेअर असेल तरच, असं वाटायचं. तसं नाहीये हो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, मानसिक आजार, ऑटिझम सगळं येतं. फक्त स्कॉलरशिपला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

म्हणून पहिलं काम युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा आणि तपासणीला सिव्हिलला जायचं, जाताना जुन्या फायली, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड सगळं पिशवीत घालून न्या. कार्ड पिवळं किंवा निळं आलं तर ४० किंवा वर, पांढरं आलं तर खाली. याला वेळ लागतो, ॲडमिशन होऊ दे मग बघू असं करू नका.

मग कुठली भरायची? राज्याची पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरची) महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर असते. केंद्राची एनएसपीवर (नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल), तिथं घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असाल तर एआयसीटीईची (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) 'सक्षम' स्कॉलरशिप आधी बघा, वर्षाला ५०,००० रुपये मिळतात आणि उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे.

कागदपत्रं नेहमीचीच, आधार, मार्कशीट, बोनाफाईड, फीची पावती, डोमिसाइल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (सेतूत मिळतो). हॉस्टेलला राहत असाल तर तिथलं पत्र. खरी अडचण नावाची होते. आमच्या भागात तर आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि मार्कशीटवर दुसरं हे घरोघरी आहे, ते आधीच दुरुस्त करून घ्या. आणि पासबुक आहे म्हणजे झालं असं नाही, बँकेत जाऊन खात्याला आधार सीडिंग (आधार जोडणं) झालंय का ते विचारा, पैसे त्यावरच येतात.

सबमिट केलं की घरी बसू नका. भावाचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला दोन महिने तसाच पडून होता, पुढं पाठवलाच नव्हता, आणि आई रोज बँकेचा मेसेज आला का विचारायची. प्रिंट काढून क्लार्ककडे स्वतः द्या, आठवड्यानं स्टेटस बघा, परत आला असेल तर कारण वाचून लगेच दुरुस्त करा. पुढच्या वर्षी रिन्यूअलला पण हेच.