मोंढ्यातली नवी वही आणि कधीच न बदललेली फाइल

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजली जाते. मागची बाकी नव्या वहीत ओढायची, जुनी फडक्यात बांधून माळ्यावर टाकायची. १९५७ साली नये पैसे आले तेव्हा आण्यांतले हिशोबही असेच पुढे ओढले गेले. त्यामुळे डेटा एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याचं आडत्यांना तसं अप्रूप नाही. अडचण झाली ती कॉम्प्युटरवर वही बदलायची राहून गेली म्हणून, आणि आता तो सगळा हिशोब जुन्या फायलीतून सर्व्हरवर न्यायचा आहे.

विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात आडतीचे प्रोग्रॅम बहुतेक फॉक्सप्रो या डेटाबेसमध्ये (नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असत. दरवर्षी नवा फोल्डर, त्यात नव्या फायली. वहीचीच रीत. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी स्वतःचं ॲक्सेस हे डेटाबेस सॉफ्टवेअरही बाजारात आणलं. ॲक्सेसमध्ये सगळं एकाच फायलीत: शेतकरी, पट्ट्या (माल विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), उधारी, पंधरा वर्षांचा माल. आम्हा प्रोग्रॅमवाल्यांना ते सोयीचं पडलं, म्हणून वर्षं वेगळी करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. फायलीला २ जीबीची मर्यादा आहे, हे आठवलं तेव्हा ती भरत आली होती.

पण मर्यादा गाठायच्या आधीच फायलीला दम लागतो. सर्व्हर म्हणजे गादीवरचा मुनीम. वही त्याच्याच हातात, मागाल ती नोंद तो काढून देतो. ॲक्सेसमध्ये मुनीमच नसतो. वही शेअर केलेल्या फोल्डरमध्ये उघडी पडलेली आणि आठ कॉम्प्युटर थेट तिच्यात हात घालतात. सोयाबीनच्या हंगामात भर दुपारी लाइट गेली की एखादी नोंद अर्धवट राहते. एकदा ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ हे ॲक्सेसचं फाइल-दुरुस्तीचं बटण दाबून फाइल उघडली, तर पट्टीवर शेतकऱ्याचं नाव होतं, ४२ कट्टे होते. हमाली-तोलाईच्या ओळी मात्र गायब. शेतकरी समोर उभा! मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेस हे सर्व्हरवरचे डेटाबेस बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे कच्च्या नोंदवहीत, लिहून ठेवतात. व्यवहार अर्धा राहिला तर तो अख्खाच रद्द होतो. एसक्यूएल सर्व्हर मूळचा सायबेस कंपनीच्या डेटाबेसच्या घराण्यातला, पोस्टग्रेस बर्कली विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातला. पोस्टग्रेसला परवान्याचे पैसे पडत नाहीत, हे इकडे लगेच पटतं.

खरी दमछाक लिपीची. जुन्या नोंदी युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच प्रमाण पद्धत) नसलेल्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या. फाँट आहे तोवर ‘रेणापूर’ हे गावाचं नाव दिसतं. तो काढला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावला तरी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे पडते. त्यात नव्या टेबलात नावाचा रकाना ‘एनव्हार्चार’ (युनिकोड मजकुराचा प्रकार) ऐवजी साधा ‘व्हार्चार’ ठेवला, तर सहसा एसक्यूएल सर्व्हर मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठवतो. मग ‘मुरुड’ आणि ‘मुरूड’ ही दोन गावं झालेली, एकाच शेतकऱ्याची तीन खाती निघालेली. ही कुठली एक करायची हे मशीन सांगू शकत नाही. ते मुनीमजींना शेजारी बसवूनच ठरवावं लागतं, तेही सौदे आटोपल्यावर.

म्हणून बहुतेक दुकानांत आधी फक्त टेबलं सर्व्हरवर नेतात आणि ॲक्सेसचे फॉर्म त्यांना जोडून तसेच ठेवतात. मुनीमजींच्या स्क्रीनवर तीच पट्टी आणि तीच बटणं राहतात.