गर्भावस्थेतील व्यायाम

गर्भवती स्त्रीने स्वतःची व गर्भाची प्रकृती सांभाळून नियमितपणे केलेल्या चालणे, पोहणे, योगासने, स्नायूंना बळ देणाऱ्या हलक्या कसरती अशा हालचालींना गर्भावस्थेतील व्यायाम म्हणतात. ‘दोन जिवांच्या’ बाईने जपून राहावे, ही समजूत जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही गर्भिणीने टाळावयाच्या गोष्टींत व्यायामाचा उल्लेख येतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये नाडीचे ठोके मिनिटाला १४० पेक्षा वाढू देऊ नयेत, असे सांगितले होते. ती मर्यादा १९९४ मध्ये काढण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा.

गर्भारपणात रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होते, सांधे सैलावतात आणि पोट पुढे आल्याने तोल बदलतो. श्रम बेताचे आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी नाडी मोजत बसण्यापेक्षा, चालता चालता सहज बोलता येते की धाप लागते, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होत असल्याने, उत्तरार्धात बराच वेळ उताणे झोपून कसरती करू नयेत. पडण्याचा किंवा पोटावर आघात होण्याचा धोका असलेले खेळ वर्ज्य होत. नियमित व्यायामाने गर्भावस्थेतील मधुमेह व अवाजवी वजनवाढ यांचा धोका कमी होतो. गुंतागुंत नसलेल्या गर्भावस्थेत बेताच्या व्यायामाने गर्भपात होतो, या भीतीला आधार नाही.

वार (गर्भाचे पोषण करणारा, नाळेने जोडलेला अवयव) गर्भाशयात खाली असून रक्तस्राव होणे, पाणमोट (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटणे, गर्भाशयमुख सैल असणे, गर्भावस्थेतील रक्तदाबाचा गंभीर विकार किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास व्यायाम करू नये. व्यायाम चालू असताना रक्त अथवा पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, पोटरीला सूज किंवा नियमित कळा आल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे.

‘शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम आपोआपच होतो’ हे म्हणणे मात्र बरोबर नाही. ऊसतोडीत किंवा बांधकामावर ओझी वाहताना, तासन्‌तास वाकताना थांबायचे केव्हा, हे तिच्या हाती नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) भारतातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांत रक्तक्षय आढळला. श्रमाने थकलेल्या आणि रक्त कमी असलेल्या स्त्रीला आधी विश्रांती, पुरेसा आहार व लोहाच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत. व्यायामाचा विचार त्यानंतर करावा.