इंजेक्टर किती मोठा घ्यावा?

टर्बो बसवला, कॅमशाफ्ट बदलला, इंजिनात हवा जास्त जायला लागली. त्या हवेच्या जोडीला पेट्रोलही जास्त लागणार. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि पूर्ण जोर लावल्यावर टर्बोच्या इंजिनाला याहून बरंच दाट, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचं, मिश्रण द्यावं लागतं. तेव्हा पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे हवेत, इथवर कुणाचं दुमत नसतं. किती मोठे, यावर मात्र अनेकांचा कल ‘घेतोच आहोत तर चांगले दांडगे घेऊ’ याकडे असतो. मला तो पटत नाही. का, ते समजायला मिलिसेकंदांचा हिशेब करावा लागतो.

इंजेक्टर ही विजेवर चालणारी चिमुकली झडप. गुंडाळीतून वीज गेली की सुई उचलली जाते, वीज थांबली की खाली बसते. अर्धवट उघडणं तिला ठाऊक नाही. त्यामुळे पेट्रोल किती पडणार, हे ती किती वेळ उघडी राहते यावर ठरतं. इंजेक्टरचा ‘२५० सीसी’ हा आकडा सांगतो तो एवढंच की ठरावीक दाबाला, बहुधा ३ बारला, तो मिनिटभर सलग उघडा ठेवला तर त्यातून २५० घन सेंटीमीटर पेट्रोल जाईल. काही उत्पादक हाच आकडा तासाला पौंडात देतात. १ पौंड म्हणजे मिनिटाला साधारण १०.५ सीसी.

पण सलग उघडा ठेवायला वेळ असतो कुठे? चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलचा एक डोस मिळतो. ७००० आरपीएमला या दोन फेऱ्या जेमतेम १७ मिलिसेकंदांत संपतात. त्यातला जितका वेळ इंजेक्टर उघडा असतो ती त्याची ड्यूटी सायकल. ती ८० ते ८५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये, असा संकेत आहे. त्यापलीकडे सुईला नीट बसून पुन्हा उठायला सवड उरत नाही आणि प्रवाह बेभरवशाचा होतो. शिवाय हवामानासाठी थोडी जागा राखावी लागते. शून्य अंशाची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते. उन्हाळ्यात काठावर पुरलेला इंजेक्टर थंडीत अपुरा पडू शकतो. पूर्ण जोरावर मिश्रण पातळ झालं की आधी नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका), मग वितळलेला पिस्टन.

आता उदाहरण घेऊ. चार सिलिंडरचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, अपेक्षा ३०० अश्वशक्तीची. टर्बोचं पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम इंधन खातं. टर्बो नसेल तर २२५च्या आसपास. म्हणजे तासाला ८१ किलो, प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला २० किलोंहून थोडं जास्त. सीसीत मांडलं तर मिनिटाला सुमारे ४६०. हे ८० टक्के ड्यूटीत बसवायचं, म्हणून ४६० भागिले ०.८, उत्तर ५७५. बाजारात ६०० सीसीचे इंजेक्टर मिळतात, ते घ्यावेत. बहुतेक ठिकाणी गणित इथेच संपवतात. पण या सूत्रातून कळते ती फक्त खालची मर्यादा. वरची मर्यादा इंजिन जागच्या जागी गुरगुरत असताना कळते.

समजा हेच इंजिन आयडलिंगला, ८०० आरपीएमवर, तासाला एक लिटर पेट्रोल पितं. मग प्रत्येक डोस येतो सुमारे ०.०१ सीसी. मूळचा २५० सीसीचा इंजेक्टर तो अडीच मिलिसेकंदांत देतो, ६०० सीसीचा एका मिलिसेकंदात, तर १००० सीसीचा अवघ्या ०.६ मिलिसेकंदात. गोम अशी की वीज मिळाल्यापासून सुई उचलेपर्यंत जवळपास एक मिलिसेकंद असाच वाया जातो. याला डेड टाइम म्हणतात, आणि तो बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो. दिवे लागले, पंखा सुरू झाला, व्होल्टेज जरा उतरलं की सुई उशिरा उठते. डेड टाइमच्या अंदाजात ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली तर २५० सीसीच्या इंजेक्टरला डोसमध्ये ४ टक्के फरक पडेल, ६०० सीसीला १० टक्के, आणि १००० सीसीला १६ टक्के. त्यात फार छोट्या वेळेसाठी उघडलेला इंजेक्टर सरळ प्रमाणात पेट्रोल देतही नाही. मग आरपीएम वरखाली डोलू लागतात, प्लग काळे पडतात, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. आणि रोजच्या वापरातली गाडी ७००० आरपीएमवर असते तरी किती वेळ?

इंजेक्टर न बदलता दाब वाढवण्याचा मार्गही आहे, पण तो लवकर थकतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचे ४ बार केले तरी पेट्रोल १५ टक्केच वाढतं, आणि वाढत्या दाबाला पंपाची क्षमता उलट घटते. पंप तपासल्याशिवाय इंजेक्टर घेण्यात अर्थच नाही. टर्बोच्या गाडीत आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, १ बार बूस्ट (टर्बोचा जादा दाब) असेल आणि पेट्रोलचा दाब राखणारा प्रेशर रेग्युलेटर त्या बूस्टला जोडलेला नसेल, तर इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक ३ वरून २ बारवर येतो. नेमकी गरज असते तेव्हा प्रवाह १८ टक्क्यांनी घटतो, आणि दोष इंजेक्टरच्या माथी मारला जातो.

इंधन बदलणार असाल तर सगळे आकडे नव्याने मांडा. ८५ टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला आकारमानाने ४० टक्क्यांच्या आसपास जास्त प्रवाह लागतो, तेव्हा वरच्या इंजिनाला ८०० सीसीचा इंजेक्टरही उधळपट्टी ठरत नाही. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांना हे गणित लागू करू नका. तिथे दाब शंभर बारच्या वर असतो आणि फवारायला मिळणारा वेळ याच्या कितीतरी कमी.

इंजेक्टरच्या गुंडाळीचा रोधही पाहून घ्या. बऱ्याच गाड्यांचा इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, १२ ते १६ ओहमच्या इंजेक्टरसाठी बनवलेला असतो. त्याला २-३ ओहमचे थेट जोडले तर त्याचं ड्रायव्हर सर्किट जळू शकतं. आणि खरेदी करताना नुसता सीसीचा आकडा विचारू नका. चारही इंजेक्टरचा प्रवाह सारखा असल्याची चाचणी आणि वेगवेगळ्या व्होल्टेजला डेड टाइम किती, याचा तक्ता मागा. इसीयूमध्ये हेच आकडे भरायचे असतात. ते न देता विकले जाणारे स्वस्त दांडगे इंजेक्टर मी तरी घेणार नाही.