एका टनाचा हिशेब: कचऱ्याच्या तुलना-तक्त्यांमागची पार्श्वभूमी

शहराचा कचरा पुरायचा, जाळायचा, त्याचं खत नि बायोगॅस करायचा, की वेगळा काढून पुन्हा वापरात आणायचा, हे ठरवायची वेळ आली की टेबलावर एक तक्ता येतो. पहिल्या रकान्यात पर्याय, दुसऱ्यात दर टनाचा खर्च, तिसऱ्यात दर टनाचं उत्सर्जन. त्याच कचऱ्याचा दुसऱ्या सल्लागाराने केलेला तक्ता शेजारी ठेवला, तर कधी कधी पर्यायांचा क्रम चक्क उलटा लागतो. आकड्यांत खोट असतेच असं नाही. कुठून मोजायला सुरुवात करायची, कुठे थांबायचं आणि कशाला काय म्हणायचं, हे दोघांनी वेगळं ठरवलेलं असतं. यातले बहुतेक निर्णय गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतले आहेत.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १८७४ मध्ये शहराचा कचरा जाळण्याची पद्धतशीर भट्टी उभी राहिली. अमेरिकेत फ्रेस्नो इथे १९३७ मध्ये आधुनिक लँडफिल सुरू झालं. चर खणायचा, कचरा टाकून दाबायचा आणि दिवस संपला की मातीचा थर द्यायचा. उघड्या ढिगाच्या मानाने उंदीर, माश्या आणि आगी कमी झाल्या, खर्चही आवाक्यात राहिला. ही पद्धत जगभर उचलली गेली, ती योग्य कारणांसाठीच. मात्र १९८७ मध्ये ही जागा बंद झाली आणि दोनच वर्षांनी देशातल्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेली. २००१ मध्ये याच जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जाही मिळाला. १९३७ च्या दर टनाच्या खर्चात १९८९ नंतरच्या सफाईचा पैसा अर्थातच नव्हता. लँडफिल स्वस्त असतं हा समज याच अपुऱ्या हिशेबातून रुजला आणि तो अजूनही गेलेला नाही. आता युरोप आणि अमेरिकेत लँडफिल बंद झाल्यावरही साधारण तीस वर्षं झिरपणाऱ्या पाण्यावर आणि वायूवर लक्ष ठेवावं लागतं आणि त्यासाठी पैशाची तजवीज आधीच करावी लागते. ती रक्कम तक्त्यात धरली आहे की नाही, हे मी सगळ्यात आधी पाहतो.

भट्ट्यांची गोष्ट १९७७ मध्ये पालटली. नेदरलँड्समध्ये भट्टीतून उडणाऱ्या राखेत डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन सापडलं आणि पुढची वीस वर्षं भस्मीकरण म्हणजे विष हे समीकरण पक्कं झालं. त्या काळच्या भट्ट्यांपुरतं ते बरोबरच होतं. मग मर्यादा कडक होत गेल्या. युरोपात २००० च्या कायद्याने डायॉक्सिनची मर्यादा दर घनमीटर धुरामागे ०.१ नॅनोग्रॅम ठरवली. जुन्या भट्ट्या बंद पडल्या आणि नव्यांच्या खर्चात धूर धुण्याच्या यंत्रणेचा वाटा फार मोठा झाला. विरोधक १९८० चं प्रदूषण सांगतात आणि समर्थक आजच्या धुराचे आकडे देऊन खर्च मात्र जुन्या अंदाजाने मांडतात, असं मी अनेकदा वाचलं आहे. दोन्ही आकडे एकाच भट्टीचे असायला हवेत. शिवाय एक टन मिश्र कचरा जाळला की तळाशी दोन ते अडीच क्विंटल राख उरते आणि गाळणीत अडकलेली वीस-तीस किलो विषारी राख वेगळी. ती कुठेतरी पुरावीच लागते, म्हणजे भट्टी असलेल्या शहरालाही लँडफिल चुकत नाही.

उतरंड, म्हणजे आधी कचरा टाळा, मग पुनर्वापर, मग पुनर्चक्रण, मग ऊर्जा आणि शेवटी पुरणं, ही मुळात १९७९ मध्ये नेदरलँड्सच्या संसदेत मांडलेली शिडी. ती सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. तिच्यातल्या एका शब्दावर मात्र थांबायला हवं, कारण पुढचे कित्येक कोटींचे निर्णय त्याच्यावर फिरले.

तो शब्द म्हणजे ‘पुनर्प्राप्ती’. कचरा जाळून वीज केली, तर ती पुनर्प्राप्ती की विल्हेवाट? वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. पण पुनर्प्राप्ती म्हटलं की भट्टी शिडीवर एक पायरी वर चढते आणि कचरा सीमेपलीकडे पाठवणं सोपं होतं. १३ फेब्रुवारी २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. सिमेंटच्या भट्टीत कचरा इंधन म्हणून जातो, तो नसता तर दुसरं इंधन घालावंच लागलं असतं, म्हणून ती पुनर्प्राप्ती. शहराचा कचरा जाळण्यासाठीच बांधलेल्या भट्टीत मुख्य हेतू कचरा संपवण्याचा, वीज हा जोडलाभ, म्हणून ती विल्हेवाट. मला हा निकष आजही पटतो. त्यात एकच साधा प्रश्न होता: कचरा आला नसता तर या यंत्राने काय केलं असतं?

भट्टीवाल्या देशांना तो परवडणारा नव्हता. युरोपच्या २००८ च्या कायद्यात हेतूची जागा ऊर्जेच्या एका सूत्राने घेतली. सूत्राचं उत्तर जुन्या भट्ट्यांसाठी ०.६० आणि २००८ नंतर परवाना मिळालेल्यांसाठी ०.६५ च्या वर आलं की भट्टी पुनर्प्राप्तीत, नाहीतर विल्हेवाटीत. इथे वाचणाऱ्याची हमखास फसगत होते. ०.६५ म्हणजे कचऱ्यातल्या ऊर्जेपैकी ६५ टक्के हाती आली, असं मुळीच नाही. सूत्रात विजेला २.६ ने आणि उष्णतेला १.१ ने गुणलेलं आहे. समजा भट्टी फक्त वीज करते आणि कचऱ्यातल्या १०० एककांपैकी २५ एककांची वीज होते. पंचवीस गुणिले २.६ म्हणजे ६५, त्याला सूत्रातल्या ०.९७ या गुणकामुळे ९७ ने भागलं की ०.६७. पाऊण ऊर्जा वाया घालवणारी भट्टी अशी आरामात पास होते. गुणकामागे तर्क आहे, कारण एक एकक वीज वीजकेंद्रात करायला साधारण २.६ एकक इंधन लागतं. पण सभेत ‘कार्यक्षमता ०.६७’ असं वाचून दाखवलं जातं, तेव्हा हा तर्क कोणी सांगत नाही. उष्ण प्रदेशात घरं तापवायला उष्णता विकता येत नाही, म्हणून तिथल्या भट्ट्या मागे पडत. २०१५ मध्ये त्यांच्यासाठी हवामानानुसार वाढीव गुणक आला. यंत्र तेच राहिलं आणि गुण वाढले.

त्याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे. वस्तूच्या पूर्ण जीवनचक्राचा विचार करून योग्य ठरत असेल, तर शिडीचा क्रम सोडता येतो. तेव्हापासून प्रत्येक तुलना-तक्ता हा शिडी मोडायचा परवाना मिळवण्याचा अर्जही होऊ शकतो, आणि म्हणून त्यातली गृहीतकं जास्त बारकाईने पाहावी लागतात.

सगळ्यात जड गृहीतक टाळलेल्या उत्सर्जनाचं. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. एक टन मिश्र कचरा जाळून ५०० युनिट वीज झाली आणि त्यातल्या प्लास्टिकमुळे ४०० किलो कार्बन डायऑक्साइड गेला. ही वीज कोळशाच्या विजेची जागा घेते असं धरलं, तर युनिटमागे एक किलो म्हणजे ५०० किलो वाचले. हिशेब उणे १००, भट्टी पर्यावरणाला मदत करते. वीजजाळ्यात वारा आणि सूर्य वाढून तोच आकडा युनिटमागे २०० ग्रॅमवर आला, तर वाचले १०० किलो आणि हिशेब अधिक ३००. धूर, कचरा, यंत्र सगळं तेच. भट्टी वीस-पंचवीस वर्षं चालते आणि तक्त्यात बहुधा पहिल्या वर्षाचं वीजजाळं धरलेलं असतं. मला ही या क्षेत्रातली सगळ्यात महागडी चूक वाटते.

लँडफिलच्या बाजूलाही असंच आहे. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनला शंभर वर्षांतल्या तापमानवाढीच्या मापाने मोजलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट पडतो, वीस वर्षांच्या मापाने ऐंशीच्या वर. १९९० च्या दशकात शंभर वर्षांचा गुणक २१ होता, त्यामुळे जुन्या अहवालांत लँडफिल आजच्यापेक्षा बरं दिसतं. त्यातच ‘वायू पकडण्याची क्षमता ७५ टक्के’ असं लिहितात. खरकटं आणि भाजीचे देठ पहिल्या काही वर्षांतच कुजतात आणि वायूचे पाइप बऱ्याचदा खड्डा भरत आल्यावर बसतात. पाइप बसेपर्यंत गेलेला वायू त्या टक्केवारीत येत नाही.

ओला कचरा वेगळा काढला की ही भांडणं बरीच मिटतात. जगातल्या शहरी कचऱ्यात अन्न आणि पालापाचोळ्याचा वाटा २०१६ च्या अंदाजानुसार ४४ टक्के होता, गरीब देशांत निम्म्याहून जास्त. ओलाव्यामुळे किलोमागे सरासरी सात मेगाज्यूलच्या खाली उष्णता असली, की भट्टीला वरून इंधन पाजावं लागतं. मिश्र कचऱ्याचं खत हातात घेऊन चाळलं, तर काचेचे कण नि प्लास्टिकच्या चिंध्या बोटाला लागतात आणि ते शेतकरी दुसऱ्यांदा घेत नाही. मग वेगळ्या गाडीचा, वेगळ्या डब्याचा आणि घरोघर सांगत फिरणाऱ्या माणसांच्या पगाराचा खर्च तक्त्यात ‘संकलन’ या नावाखाली दिसतो, आणि त्यामुळे वाचलेलं इंधन नि विकलं गेलेलं खत दुसऱ्याच रकान्यात. खताचा पर्याय महाग दिसतो तो बरेचदा या मांडणीमुळे.

खर्चाच्या रकान्यात आणखी एक गल्लत नेहमीची. प्रकल्पाच्या दारात दर टनाला आकारलं जाणारं शुल्क म्हणजे खर्च नव्हे. त्यात कर असतो, विजेच्या विक्रीची वजावट असते, कधी सरकारी अनुदान असतं. ब्रिटनने १९९६ मध्ये लँडफिलवर टनामागे ७ पौंड कर बसवला, तेव्हा तो पुरल्यामुळे होणाऱ्या नुकसानीच्या अंदाजावर बेतला होता. २०१४ पर्यंत तो ८० पौंडांवर गेला. नुकसान अकरा पट वाढलं नव्हतं, कचरा खड्ड्यापासून वळवायचा होता. मला हे धोरण योग्य वाटतं, पण ८० पौंड हा पर्यावरणीय खर्च म्हणून दुसऱ्या देशाच्या तक्त्यात उतरवणं चूक आहे.

पुनर्चक्रणाचे आकडेही सरळ नाहीत. बरीच वर्षं गोळा केलेला माल मोजला जाई. २०१८ मध्ये चीनने बाहेरचं भंगार प्लास्टिक आणि रद्दी घेणं जवळपास थांबवलं, तेव्हा गोळा झालेल्यातलं किती खरंच वापरात येत होतं हा प्रश्न उघडा पडला. युरोपने त्याच वर्षी मोजणीची जागा पुढे सरकवली. आता माल पुनर्चक्रणाच्या यंत्रात शिरतो तिथे वजन धरायचं. काही ठिकाणी टक्केवारी त्यामुळे घसरली, आणि ती घसरण नव्या मोजणीची होती.

भट्ट्यांबाबतही आता उलट वारं आहे. डेन्मार्कने २०२० मध्ये जाळण्याची क्षमता दहा वर्षांत सुमारे ३० टक्के कमी करायचं ठरवलं. जर्मनीने २०२४ पासून कचरा जाळण्यावर कार्बनचा दर लावला आणि ब्रिटनने २०२८ पासून भट्ट्यांना उत्सर्जन व्यापारात, म्हणजे कार्बन सोडण्याचे परवाने विकत घेण्याच्या व्यवस्थेत, आणायचं जाहीर केलं. पैसे फक्त जीवाश्म कार्बनचे, म्हणजे मुख्यतः प्लास्टिकचे. भाजीपाल्याचा कार्बन शून्य धरला जातो. त्यामुळे पिशवीत प्लास्टिक किती, या प्रश्नाला थेट किंमत आली आहे. त्याचं उत्तर शोधण्यासाठी आता धुरांड्यातल्या वायूचा नमुना घेऊन त्यातला कार्बन-१४ मोजतात. ताज्या पाल्यात तो असतो, खनिज तेलापासून बनलेल्या प्लास्टिकमध्ये नसतो.