डिफॉल्ट फीचर आणि स्वतःची निवड (पॅकेज व्यवस्थापन)

सॉफ्टवेअर बसवताना त्याची कोणती ऐच्छिक अंगे सोबत येणार, हे पॅकेज (बसवण्यासाठी तयार केलेला सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बांधणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. या ठरलेल्या संचाला डिफॉल्ट फीचर म्हणतात. त्यात आपल्या गरजेनुसार भर घालणे किंवा काटछाट करणे म्हणजे कस्टमायझेशन.

डेबियन या लिनक्स प्रणालीत एका पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांचे तीन दर्जे असतात : अनिवार्य, शिफारस केलेली आणि नुसती सुचवलेली. २००९ च्या 'लेनी' आवृत्तीपासून शिफारस केलेलीही आपोआप बसतात. नको असतील तर तसे सांगावे लागते. जेंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत 'यूज फ्लॅग' (एखादे अंग हवे की नको हे सांगणारी खूण) लावून वा काढून पॅकेज आपल्याच मशीनवर कंपाइल करता येते, म्हणजे मूळ कोडपासून बांधता येते. मुख्यतः मॅकवर वापरल्या जाणाऱ्या होमब्रू या पॅकेज व्यवस्थापकाने मात्र २०१९ मध्ये मुख्य संग्रहातले असे पर्याय काढूनच टाकले. चालू-बंद करता येणारे दहा पर्याय असले की एकाच पॅकेजची १,०२४ रूपे होतात. ती सगळी कोण तपासणार? रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कार्गो या पॅकेज व्यवस्थापकात आपण एखाद्या क्रेटचे (रस्टमधल्या पॅकेजचे) डिफॉल्ट बंद केले, तरी त्याच क्रेटवर विसंबलेल्या दुसऱ्या क्रेटने ते चालू ठेवले असेल तर बहुधा ते बांधणीत येतेच, कारण फीचरची बेरीज होते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी या निवडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग लिपीचा आहे. पायथनमध्ये चित्रावर मजकूर उमटवायला पिलो ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतात. देवनागरीची अक्षरजुळणी तिला स्वतःला येत नाही. ते काम रक्म ही ऐच्छिक लायब्ररी हार्फबझ आणि फ्रिबिडी या आणखी दोन लायब्ररींच्या मदतीने करते. रक्म उपलब्ध नसेल तर, वेगळे काही सांगितले नसल्यास, पिलो मुकाट्याने साध्या मांडणीवर येते, म्हणजे अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवते. प्रोग्रॅम अडत नाही, चित्रही तयार होते.

नागपुरात कोणी प्रमाणपत्रे किंवा फलक असे तयार करत असेल, तर 'नागपूर', 'महाल', 'इतवारी', 'धरमपेठ' ही नावे जवळपास नीट उमटतील, कारण त्यांत ना जोडाक्षर आहे, ना ऱ्हस्व वेलांटी. 'विदर्भ' लिहिताच वेलांटी 'व' सोडून 'द'ला चिकटते. 'सीताबर्डी'तला रफार डोक्यावर न चढता पाय मोडलेला 'र' म्हणून ओळीत उभा राहतो आणि 'दीक्षाभूमी'तला 'क्ष' फुटून 'क्' आणि 'ष' वेगळे पडतात. रोमन लिपीत काम करणाऱ्याला हे अंग जादा वाटेल; आपल्याकडे त्यावाचून शब्द शुद्ध राहत नाही. असे अंग ऐच्छिक यादीत टाकणे मला चुकीचे वाटते.

म्हणून कंटेनर (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेला संच) लहान करण्यासाठी शिफारसी वगळताना पिलोच्या फीचर-तपासणीत रक्म सापडते का, ते आधी पाहावे. चाचणीचा शब्द 'नागपूर' नको, 'दीक्षाभूमी' घ्यावा.