छापलेला कप आणि साच्यातला कप

बडोद्यातल्या प्रदर्शनांत 'थ्रीडी प्रिंटेड सिरॅमिक' अशी चिठ्ठी लावलेले कप, दिवे, फुलदाण्या विकायला असतात. घेणाऱ्याला वाटतं, हे सगळं एकाच यंत्रातून आलं असणार. पण त्या एका चिठ्ठीखाली दोन अगदी निराळ्या पद्धती येतात. कोणती वस्तू कोणत्या पद्धतीची हे कळल्याशिवाय ती चहाला घ्यावी की शोभेला, हे ठरवता येत नाही.

पहिल्या पद्धतीत प्रिंटर थेट मातीच छापतो. नळकांड्यात मळलेली ओली माती भरून वरून दाब दिला की खालच्या तोंडातून काही मिलिमीटर जाडीची वळी बाहेर येते. चकलीचा सोऱ्याच म्हणा, फक्त तो कुठे फिरवायचा हे संगणक ठरवतो. थरावर थर चढत भिंत उभी राहते. हाताने वळ्या रचून भांडं उभारायची रीत हजारो वर्षांची आहे, तिचंच हे रूप. बेल्जियममधल्या अनफोल्ड या स्टुडिओने २००९-१० च्या सुमारास लहान, स्वतः जुळवता येणाऱ्या प्रिंटरवर माती छापून दाखवली.

दुसऱ्या पद्धतीत प्रिंटर मातीला शिवतसुद्धा नाही. तो छापतो कपाचा प्लास्टिकचा नमुना. तो घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून दोन-तीन तुकड्यांचा साचा काढायचा. साचा वाळला की त्यात स्लिप, म्हणजे ओतण्याजोगी पातळ माती भरतात. सोडियम सिलिकेटचे थोडे थेंब घातले की ती कमी पाण्यातही वाहती राहते. प्लास्टर पाणी ओढून घेतं, कडेला मातीचा थर धरतो. दहा-पंधरा मिनिटांत पुरेशी जाडी आली की उरलेली स्लिप उलटी करून काढून टाकायची, आत पोकळ कप तयार. युरोपातल्या कारखान्यांत हे ओतकाम अठराव्या शतकापासून चालत आलंय. नवा आहे तो नमुना.

ओळखायचं असेल तर कपाच्या आत बोट फिरवा. छापलेल्या कपाला थरांच्या वळ्या बाहेरून असतात तशाच आतूनही लागतात. साच्यातल्या कपाला बाहेरून थरांच्या रेघा असू शकतात, कारण काही जण नमुना मुद्दाम न घासता ठेवतात. पण आतून तो गुळगुळीतच असतो, कारण साचा फक्त बाहेरच्या बाजूला टेकलेला असतो. मग नख उभं धरून बाहेरून फिरवा. साच्याच्या तुकड्यांचा सांधा नीट पुसला नसेल तर समोरासमोर दोन बारीक उभ्या रेघा लागतील. ग्लेझ, म्हणजे वरची काचेसारखी झिलई, जाड असलं तर मात्र दोन्ही खुणा बुजतात, तेव्हा सरळ विचारावं.

चहासाठी मी साच्यातलाच कप घेईन. वळ्यांच्या खाचा ग्लेझने पुरत्या भरल्या नसतील तर तिथे चहाचा डाग बसतो आणि घासूनही सुटत नाही. दिवा घ्यायचा तर छापलेला. जाळीदार, पीळ घेतलेली भिंत कडक साच्यातून सोडवताना अडकते, प्रिंटरला ती अडचण नाही. त्याची अडचण दुसरी: ओली माती फार बाहेर झुकवली की स्वतःच्याच वजनाने बसते.

दोन्हींकडे संगणकाची मोठी मदत होते ती आटण्याच्या हिशेबात. ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारून ती १२०० अंशांच्या वर भाजली आणि नंतर ८.८ भरली, तर ती माती १२ टक्के आटते. म्हणजे ९ सेंटिमीटरचा कप हवा असेल तर रेखाटन १०.२ सेंटिमीटरचं हवं. मळलेली माती आणि स्लिप सारख्या आटत नाहीत, म्हणून पट्ट्या दोन्हींच्या वेगळ्या भाजाव्या लागतात. हे न करता फाईल एकीकडून दुसरीकडे नेली की झाकण बसत नाही.

'मग यात हाताचं काय राहिलं?' हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि यावा. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढून हुन्नर आणि तंत्र शेजारी बसवले. पुढे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाईन आर्ट्समध्ये ज्योत्स्ना भट्ट यांनी वर्षानुवर्षं सिरॅमिक शिकवलं. असल्या गावात हाताची किंमत लोकांना कळते. छापण्यात हात लागतो तो आधी, माती मळून तिच्यातली हवा काढताना. बुडबुडा राहिला तर वळी मध्येच तुटते. ओतकामात हात लागतो तो नंतर: सांधा सुरीने खरवडायचा, ओल्या स्पंजाने पुसायचा, कान वेगळा ओतला असेल तर तो स्लिपने चिकटवायचा. झिलई आणि भट्टी दोन्हींकडे माणसाच्याच भरवशावर. माझ्या मते साच्यातल्या कपाला कारखान्याचा माल म्हणणं अन्यायाचं आहे, आणि छापलेल्याला 'पूर्ण हस्तकला' म्हणून विकणंही. चिठ्ठीवर पद्धत लिहावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

बडोद्याची हवाही दोघांना वेगळी छळते. मे महिन्यात वरचे थर चढेपर्यंत खालचे सुकू लागतात आणि थरांच्या मधे तडा जातो, म्हणून छापताना भांड्याभोवती प्लास्टिक गुंडाळावं लागतं. ऑगस्टमध्ये प्लास्टर वाळता वाळत नाही. ओल्या साच्यात थर धरायला फार वेळ लागतो आणि एका साच्यातून दिवसाला निघणारे कप कमी होतात. सहा कपांचा सेट पावसाळ्यात सांगायचा असेल तर आधी पद्धत विचारा, आणि साच्यातले कप असतील तर कारागिराला दोन आठवडे जास्त द्या.