हॅडलीचा तो ‘देवदूत’ खरंच आला होता का?

ही गोष्ट अजूनही फिरते की १ सप्टेंबर १६७५ ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या हॅडली गावावर मूळ रहिवाशांनी हल्ला केला, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेले, तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक अनोळखी म्हातारा कुठूनतरी आला, सगळ्यांना लढायला उभं केलं, गाव वाचवलं आणि गायब झाला. तो म्हणे विल्यम गॉफ.

आता गॉफ माणूस खरा. इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याच्या मृत्युदंडावर १६४९ ला सही करणाऱ्या ५९ जणांपैकी एक. राजेशाही परत आली तसा १६६० ला सासरे एडवर्ड व्हॅलींसोबत बोस्टनला पळाला. पुढच्या वर्षी न्यू हेवनजवळ दोघं जिथे लपले ती धड गुहासुद्धा नाही, मोठमोठ्या दगडांमधली फट आहे नुसती, आणि जेवण यायचं रिचर्ड स्पेरीच्या शेतावरून. १६६४ पासून मात्र हॅडलीतच, पाद्री जॉन रसेल यांच्या घरी.

पण म्हाताऱ्याची गोष्ट छापून आली थेट १७६४ ला, थॉमस हचिन्सनने लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासात, तीही एका घराण्यातली ऐकीव आठवण म्हणून! हल्ल्याच्या काळातच, वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या त्या युद्धाचा इतिहास लिहिणारे इन्क्रीज मॅदर आणि विल्यम हबर्ड, दोघांकडेही हा म्हातारा नाही. आणि १ सप्टेंबर १६७५ चा मोठा हल्ला तर डिअरफिल्डवर झाला होता, हॅडलीवरचा १२ जून १६७६ चा.

मला खरं धाडस रसेल यांचं वाटतं, पकडले गेले असते तर सगळंच संपलं असतं, तरी त्यांनी वर्षानुवर्षं दार उघडं ठेवलं.